तार की तेल? प्रवासी सायकलीच्या ब्रेकचा इतिहास आणि निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

सायकलीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तिला गती देणाऱ्या भागांकडे गेलेले दिसते. पेडल, साखळी, हवेचे टायर आणि गिअर यांविषयी विपुल लेखन झाले. त्या मानाने सायकल थांबविणारी यंत्रणा उपेक्षित राहिली. वस्तुतः माणूस सायकलीने किती दूर आणि कोणत्या प्रदेशात जाऊ शकेल, हे ती किती वेगाने धावते यापेक्षा ती उतारावर किती भरवशाने थांबते यावर अधिक अवलंबून राहिले आहे. सामान लादून अनेक दिवसांच्या प्रवासाला निघणाऱ्या सायकलीच्या, म्हणजेच टूरिंग सायकलीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

अशा सायकलीला डिस्क ब्रेक बसवावयाचा असल्यास आज दोन पर्याय पुढे येतात. एकात ब्रेकच्या दांडीवरील हाताचा जोर पोलादी तारेने चाकापर्यंत जातो, दुसऱ्यात तो बंद नळीतील द्रवाने जातो. या दोहोंची तुलना प्रायः ताकदीच्या अंगाने केली जाते आणि मग निकाल सहजच द्रवाच्या बाजूने लागतो. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासण्याचे योजिले आहे. ब्रेकच्या प्रत्येक नव्या पद्धतीने केवळ थांबविण्याची शक्ती वाढविली नाही, तर ब्रेक दुरुस्त करण्याचे ज्ञान व साहित्य कोणाच्या हाती राहील हेही बदलले. प्रवाशाची निवड या दुसऱ्या बदलाशी अधिक निगडित आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

चमचा, सळई आणि तार

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात तयार झालेल्या पेडलच्या सायकलीत मागील चाकावर धातूचा चमच्यासारखा तुकडा दाबला जाई आणि त्याला जोडलेली दोरी हँडल पिळून ताणली जाई. पुढील दोन दशकांत गाजलेल्या उंच चाकाच्या सायकलीत हाच चमचा पुढील चाकाच्या भरीव रबरावर दाबण्याची सोय होती. तो जोराने दाबला की स्वार हँडलवरून डोक्यावर आपटण्याचा धोका असे, म्हणून तो हलक्या हातानेच वापरावा लागे. काही स्वार उतारावर दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. उद्देश हा, की पडलोच तर पायांवर पडावे. ब्रेकपेक्षा पडण्याच्या रीतीवर अधिक भरवसा ठेवावा लागावा, यातच त्या काळातील यंत्राची मर्यादा दिसून येते.

अशाच एका पन्नास इंची चाकाच्या सायकलीवर थॉमस स्टीव्हन्स २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला पोहोचले. अफगाणिस्तानातून मार्ग न मिळाल्याने ते समुद्रमार्गे कराचीस आले व रेल्वेने लाहोरला जाऊन तेथून ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्यास गेले. गंगेच्या सपाट मैदानात ब्रेकची परीक्षा होत नाही; ती डोंगरात होते. इंग्लंडमध्ये १८७८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे सायकलिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने तीव्र उतारांच्या माथ्यावर सायकलस्वारांसाठी धोक्याच्या सूचनेचे फलक उभारले होते. रस्त्यावरील धोक्याच्या खुणांच्या इतिहासात या फलकांचे स्थान महत्त्वाचे आहे. ब्रेक जे करू शकत नव्हता ते काम फलकाकडे सोपविले गेले होते, असेही म्हणता येईल.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आणि १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला. उंच चाक गेल्याने डोक्यावर पडण्याची भीती कमी झाली. परंतु चमच्याचा ब्रेक हवेच्या टायरवर घासून त्याची झीज करू लागला. ब्रेक टायरवरून हलवून रिमवर आणणे क्रमप्राप्त झाले. त्यासाठी निघालेल्या उपायांपैकी सळयांचा ब्रेक आपल्याकडे सर्वांत परिचित आहे. हँडलखालची दांडी ओढली की सळया व खटके यांच्या साखळीतून रबरी ठोकळे रिमच्या आतील, आऱ्यांच्या बाजूस दाबले जातात. दूधवाल्याच्या व पोस्टमनच्या काळ्या सायकलीवर ज्यांनी ही यंत्रणा पाहिली आहे त्यांना तिचे गुणदोष सांगण्याची आवश्यकता नाही. पावसात पोलादी रिमवर ती फारसे काम करीत नसे. मात्र ती बिघडली तर काय बिघडले हे उघड्या डोळ्यांनी दिसे. वाकलेली सळई लोहारही सरळ करून देई.

तारेच्या ब्रेकला आधार मिळाला तो अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांच्या १८९६ च्या पेटंटने. (नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे फ्रँक बोडेन हे वेगळे गृहस्थ होत, दोघांची गल्लत वारंवार केली जाते.) बोडेन यांची कल्पना दिसावयास साधी आहे. आत बारीक तारांची वळलेली लवचीक दोरी आणि बाहेर तारेच्या वेटोळ्यांचे, लांबीत न दबणारे वेष्टन. आतील तार ओढली की बाहेरील वेष्टन तेवढ्याच जोराने उलट दिशेस रेटते. त्यामुळे ताण वळणावळणांतून, हँडल फिरत असतानाही, हव्या त्या जागी नेता येतो. सळईला हे जमत नव्हते. आज आपण तारेचा ब्रेक म्हणजे साधा, जुना आणि कोठेही दुरुस्त होणारा असे गृहीत धरतो. परंतु सळईच्या तुलनेत तार ही नाजूक वस्तू होती. ती वेष्टनाच्या आत गंजते, दांडीजवळच्या टोकाशी तिचे एकेक पदर तुटत जातात आणि ती लोहाराला बनविता येत नाही. ती कारखान्यातूनच यावी लागते. म्हणजे दुरुस्तीचे केंद्र खेड्यातून कारखान्याकडे सरकण्याची प्रक्रिया द्रवापासून सुरू झालेली नाही. तिची सुरुवात तारेनेच केली. तार प्रत्येक गावातील सायकलच्या दुकानात टांगलेली दिसू लागली, तेव्हा कोठे ती ‘साधी’ ठरली.

उतार आणि उष्णता

ब्रेक ही उष्णता निर्माण करणारी यंत्रणा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढील इतिहास उलगडत नाही. सत्तर किलोचा स्वार, पंधरा किलोची सायकल आणि पंचवीस किलोचे सामान असे एकशे दहा किलोचे ओझे एक हजार मीटर खाली उतरले तर सुमारे १० लाख ७८ हजार जूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या ऊर्जेत तीन लिटरहून अधिक पाणी पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. यातील काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण खातात. वेग वाढेल तसा हवेचा वाटा झपाट्याने वाढतो. म्हणून वेगाने उतरणाऱ्या शर्यतीतील स्वाराच्या ब्रेकवर पडणारा एकूण भार त्या मानाने कमी असतो. जड सामान घेऊन, अनोळखी वळणांवर जपून, सतत दांडी धरून उतरणाऱ्या प्रवाशाचा ब्रेक मात्र जवळजवळ सर्व ऊर्जा स्वतः पचवितो. शर्यतीवरून काढलेले निष्कर्ष प्रवासाला लावू नयेत, याचे हे एक कारण.

रिमवरील ब्रेकमध्ये ही उष्णता रिममध्ये आणि तेथून टायर-ट्यूबमध्ये जाते. दोन माणसांच्या जोडसायकलींवर लांब उतारांत टायर फुटण्याचा धोका त्यामुळेच ओळखला गेला आणि त्यांना मागील चाकात स्वतंत्र ड्रम ब्रेक बसविण्याची प्रथा पडली. उष्णतेचे दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. तेथील मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी डोंगरउतारावरील मातीच्या रस्त्यावर जुन्या जाड टायरच्या सायकलींची शर्यत झाली. या सायकलींना पेडल उलटे फिरविल्यावर लागणारा, मागील हबच्या आतील ब्रेक होता. एका उतरणीतच हबमधील ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाचे ‘रीपॅक’ हे नाव त्या उताराला यावरूनच मिळाले. माउंटन बाइकच्या उगमाशी जोडलेल्या त्या रस्त्याचे नाव एका तापलेल्या ब्रेकवरून पडले आहे, ही बाब बोलकी आहे.

डिस्क ब्रेकने घर्षणाची जागा रिमवरून काढून चाकाच्या मध्याजवळील पातळ पोलादी चकतीवर आणली. चकती टायरपासून दूर असते, चिखलात कमी भरते आणि झिजली तर चाक न टाकता बदलता येते. पावसाळ्यात घाटातील चिखलमिश्रित पाण्यातून सायकल चालविणाऱ्याला रिमची झीज किती लवकर होते याचा अनुभव असतो. मात्र चकतीचे वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर असल्याने ती रिमपेक्षा फार लवकर तापते. ती उष्णता पॅडमधून मागे सरकते आणि तेथे तार आहे की द्रव, हा प्रश्न प्रथमच महत्त्वाचा ठरतो.

द्रवाचे आगमन

बंद द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हे पास्कलचे तत्त्व सतराव्या शतकातील. दांडीजवळील लहान दट्ट्याने ढकललेला द्रव चाकाजवळील मोठ्या दट्ट्याला त्यांच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणात अधिक जोराने ढकलतो. मोटारींत हे तत्त्व १९२१ च्या ड्युझेनबर्गमध्ये चारही चाकांना वापरले गेले. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वारने विजय मिळविला आणि १९६९ च्या होंडा सीबी ७५० मुळे पुढील चाकाचा द्रवचलित डिस्क ब्रेक सर्वसाधारण ग्राहकाच्या मोटारसायकलीवर आला. सायकलीने मात्र हा मार्ग सावकाश आक्रमिला. जर्मनीच्या मागुरा कंपनीने १९८७ मध्ये आणलेला द्रवचलित ब्रेक रिमवरच दाबणारा होता आणि युरोपातील प्रवासी स्वारांनी तो पुढे दीर्घकाळ वापरला. द्रवचलित डिस्क ब्रेक १९९० च्या दशकात माउंटन बाइकवर स्थिरावला.

येथे एक बाब आवर्जून नोंदविली पाहिजे. खाली वळलेल्या हँडलची, गिअर व ब्रेक एकाच मुठीत असलेली जी सायकल अनेक प्रवासी पसंत करतात, तिच्यासाठी द्रवचलित डिस्क ब्रेकची एकत्रित मूठ मोठ्या कंपन्यांनी २०१३ मध्ये बाजारात आणली. तोपर्यंत अशा सायकलीवर डिस्क हवी असेल तर व्यवहारतः तारेवाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे ‘तार की द्रव’ हा वाद या प्रकारच्या सायकलीपुरता अगदी अलीकडचा आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्रॅम कंपनीला आपले हे नवे ब्रेक परत मागवावे लागले. कडाक्याच्या थंडीत दांडीजवळील दट्ट्याची सीलं दाब धरून ठेवीत नव्हती. हा दोष पुढे दूर झाला. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानेही २०१६ मध्ये पॅरिस–रुबे शर्यतीतील एका दुखापतीनंतर डिस्कची चाचणी काही काळ थांबविली आणि २०१८ मध्ये रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिली. त्यानंतर उत्पादकांनी वरच्या श्रेणीतील संच द्रवासाठीच घडविले आणि तारेचा डिस्क ब्रेक खालच्या श्रेणीकडे ढकलला गेला. प्रवाशांच्या गरजेचा विचार या निर्णयात कितपत होता, हा वेगळा प्रश्न.

द्रवाचे गुण निर्विवाद आहेत. वेष्टनातील घर्षण नसल्याने बोटांवरील भार थोडा असतो. घाटात तासभर दांडी धरून उतरताना, विशेषतः थंडीने बधिर झालेल्या हातांना, याचे मोल कळते. पॅड झिजतात तसे दट्टे आपोआप पुढे सरकतात, कारण दट्ट्याभोवतीचे चौकोनी छेदाचे सील थोडे वाकून दट्ट्याला नेमके तेवढेच मागे खेचते. तारेच्या बहुतेक ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, तो चकतीला किंचित वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो, आणि झीज भरून काढण्यासाठी स्वाराला स्वतः स्क्रू फिरवावा लागतो. दोन्ही पॅड हलणारे तारेचे ब्रेक पुढे निघाले. तरी वेष्टनाची स्प्रिंगसारखी दबण्याची खोड पूर्णपणे गेलेली नाही.

परंतु उष्णतेत द्रवाची मर्यादा दिसते. डॉट ४ या दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि ठरावीक प्रमाणात पाणी शिरल्यावर तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि दांडी हँडलला टेकली तरी ब्रेक लागत नाही. खनिज तेल ओलावा शोषत नाही, परंतु शिरलेले पाणी त्यात न मिसळता खोलगट जागी, म्हणजे नेमके तापणाऱ्या कॅलिपरमध्ये साठते. समुद्रसपाटीपासून ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीतून सुमारे साडेतीन हजार मीटरवरील लेहला येणारा उतार चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे सतत ब्रेक धरून उतरणे आणि मधूनमधून थांबून चकती निवू देणे, यांतील फरक या आकड्यांत आहे. तारेला उकळण्याचे भय नाही; पॅड मात्र दोन्हींकडे सारखेच तापतात आणि निकामी होऊ शकतात.

दुरुस्तीचा भूगोल

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. इराण, मेसोपोटेमिया आणि सीरियाचे वाळवंट यांतून जाणाऱ्या प्रवाशाला सुटे भाग टपालाने मागविण्याची सोय जवळजवळ नसते. अशा प्रवासात यंत्राची गुणवत्ता त्याच्या कमाल क्षमतेने मोजली जात नाही. त्यातील बिघाड वाटेवरील माणसाला समजेल काय, यावर ती ठरते.

याच कसोटीवर आजची निवड घासून पाहता येईल. तार तुटण्यापूर्वी बहुधा जड होते आणि तिचे पदर उसवू लागतात, मात्र ते मुठीच्या आत दडलेले असल्याने मुद्दाम पाहावे लागतात. नवी तार पाना आणि पक्कड एवढ्या साहित्याने रस्त्याच्या कडेला बसविता येते. तरीही ‘तार कोठेही मिळते’ हे विधान जपून स्वीकारावे. तारेच्या टोकाचा गठ्ठा दोन आकारांचा असतो, एक सरळ दांडीच्या हँडलसाठी आणि दुसरा खाली वळलेल्या हँडलच्या मुठीसाठी. गावच्या दुकानात पहिला सापडेल, दुसरा सापडेलच असे नाही. दोन टोकांना दोन गठ्ठे असलेली तार मिळते, तिचे नको ते टोक कापून टाकावयाचे. अशी एक तार सामानात असली की ही अडचण उरत नाही, आणि तिचे वजन नगण्य आहे.

द्रवाच्या बाबतीत आपल्या देशातील परिस्थिती परदेशी मार्गदर्शिकांत वर्णिलेल्या परिस्थितीहून भिन्न आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याबरोबर द्रवचलित डिस्क ब्रेक हा तालुक्याच्या गॅरेजमधील नित्याचा विषय बनला. ब्रेकमधील हवा काढणे तेथील मेकॅनिकला शिकवावे लागत नाही. डॉट ३ किंवा डॉट ४ ची बाटली त्याच्या फळीवर असते. परंतु शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांचे सायकलीचे ब्रेक खनिज तेलावर चालतात. त्यांत डॉट द्रव भरल्यास सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. उलट बाजूनेही तेच होते. म्हणजे कुशल हात जवळ असूनही चुकीच्या द्रवामुळे घात होऊ शकतो. मेकॅनिकने सद्भावनेने भरलेली बाटली हीच येथे सर्वांत मोठी जोखीम आहे. सायकलक्षेत्रात डॉट द्रवाला तो त्वचेला व रंगाला हानिकारक म्हणून नावे ठेवली जातात, आणि ते खरेही आहे. तथापि भारतातील रस्त्यांचा विचार करता डॉटवर चालणारा ब्रेकच गॅरेजमध्ये अधिक सहज सांभाळला जाईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अडचण इतकीच की सायकलीच्या ब्रेकचे सूक्ष्म सांधे आणि हवा काढण्याची तोंडे मोटारसायकलीहून वेगळी असतात. त्यासाठी लागणारी पिचकारी प्रवाशानेच बाळगावी लागते.

आणखी एक बाब वाहतुकीची. आपल्याकडे सायकल एस.टी.च्या टपावर आडवी अथवा उलटी टाकून नेली जाते. द्रवाच्या टाकीत हवेचा लहानसा बुडबुडा असेल तर तो या अवस्थेत नळीत शिरतो आणि उतरल्यावर दांडी मऊ लागते. चाक काढलेले असताना कोणी कुतूहलाने दांडी दाबली तर दट्टे बाहेर येतात व पॅड एकमेकांस चिकटतात. मग चकती आत जात नाही. पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवणे हा त्यावरील उपाय होय. तारेच्या ब्रेकला यांपैकी कशाचीही तमा नाही.

निवडीविषयी

दुकान आणि गॅरेज यांच्या टप्प्यात राहणाऱ्या प्रवासासाठी, उदाहरणार्थ पुण्याहून वरंध घाटाने कोकणात उतरून आंबा घाटाने परत चढण्यासाठी, द्रवचलित ब्रेक नाकारण्याचे कारण दिसत नाही. उतरणीतील हातांचा थकवा हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे आणि पावसात त्याचे महत्त्व वाढते. निघण्यापूर्वी ब्रेकवर कोणता द्रव असे कोरले आहे ते वाचून, त्याची लहान बाटली जवळ ठेवली म्हणजे पुरे. जेथे पुढील मोठे गाव चार-पाच दिवसांवर आहे अशा लडाख–स्पितीसारख्या प्रदेशात, किंवा देशांतराच्या प्रवासात, प्रस्तुत लेखक तारेच्या बाजूने कौल देईल. ती कमी ताकदीची आहे हे मान्य करून पुढील चाकाला १६० ऐवजी १८० मिलिमीटरची चकती बसवावी (चिमटा व हब ते स्वीकारत असल्यास), आणि वेष्टन लांबीत न दबणाऱ्या सरळ तारांच्या बांधणीचे घ्यावे. यांनी ती उणीव बरीच भरून निघते.

दोहोंचा संकर असलेला ब्रेकही २०१३ च्या सुमारासच आला. त्यात मुठीपासून कॅलिपरपर्यंत तार असते आणि द्रव कॅलिपरच्याच पोटात बंदिस्त असतो. जुनी मूठ न बदलता दट्ट्यांची आपोआप सरकण्याची सोय मिळते, तार तुटली तर रस्त्यावर बदलता येते. परंतु लांब नळी नसल्याने त्यात द्रव फार थोडा असतो, आणि तो नेमका चकतीला लागून, सर्वांत उष्ण ठिकाणी असतो. जड सामानासह लांब उतार ज्याला नित्य उतरावयाचे आहेत, त्याने हा ब्रेक घेण्यापूर्वी एकदा पूर्ण भार लादून घरच्या घाटात तो तापवून पाहावा.